अर्धं कपाट

तीन नावं मी काढायची, तीन वेन्डलनं,
नाहीच जमलं तर वकील सुचवतील ते सातवं.
लग्न जुळताना मधे कुणी नव्हतं आमच्या.
बर्फात रुतलेली त्याची गाडी, माझ्या हातातलं फावडं,
एवढ्यावर भागलं होतं.
मोडताना मात्र माणसं पुरेनात.

पहिला डेल्बर्ट. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून
वेन्डलबरोबर मासे धरत बसणारा.
माझ्याशी बोलला तो भिंतींकडे बघत,
किंमत सांगितली ती वेन्डलला,
आणि निघताना सवयीनं आमचा फ्रीज उघडला.
नको, म्हटलं मी.

मग माझी मावसबहीण टायना.
मला दारातच मिठी, वेन्डलला नुसती मान.
"याला एक छदाम जास्त मिळू देणार नाही,"
कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं गल्लीला ऐकू जातं.
घर एकच, किंमत एकच;
त्याचं कमी म्हणजे माझंही कमी,
हे गणित रागाला येत नाही.
नको, म्हणाला वेन्डल.
नकोच, म्हणाले मी.
वर्षभरातलं आमचं पहिलं एकमत.

तिसऱ्यानं ड्रोन आणला, वरून आमचं छप्पर दाखवलं.
इतकं लहान?
चौथा आलाच नाही. पाचव्याला मांजरांची ॲलर्जी.

ओडेट पेल्टिए शेवटची.
बसथांब्याच्या बाकावर तिचा फोटो आहे,
कुणी पोरांनी मिशा काढलेला.
"पुसत नाही मी," म्हणाली, "लोक थांबून बघतात."
स्वयंपाकघरात बसली, बूट न काढता.
छप्पर किती जुनं, बॉयलर कधीचा, काही नाही.
"निरोप आधी कुणाला द्यायचा?"
आम्ही दोघंही गप्प.
"दोघांना. एकाच मिनिटाला. तोच मजकूर.
याचा फोन तिच्यापासून लपवणार नाही, तिचा याच्यापासून.
आणि रडायचं तर वकिलाकडे रडा,
तो तासाचे पैसे घेतोच आहे."
वेन्डल हसला. मी कितीतरी दिवसांनी
त्याचा तुटका दात पाहिला.

मग घरभर फिरली. तळघरातल्या सौनापाशी थांबली,
माझ्या वडिलांचे गुडघे धरले त्या हिवाळ्यात
वेन्डलनं देवदाराच्या फळ्या ठोकून केलेली.
लाकडावर तळवा ठेवून म्हणाली,
"हिच्या मागोमाग घर जाईल."
पण वर, झोपायच्या खोलीत, कपाट उघडून उभीच राहिली.
डावीकडे नुसते हँगर.
"गिऱ्हाईक हे आधी उघडतं.
अर्धं रिकामं दिसलं की त्याला कळतं काय ते,
आणि वीस हजार तिथल्या तिथे उतरतात.
शर्ट परत आणा, वेन्डल. दहाबारा. एखादा कोटही."

शनिवारी तो दोन पिशव्या घेऊन आला.
मी हँगर देत गेले, तो लावत गेला,
सगळ्या कॉलर एका दिशेला, पूर्वीसारख्या.
साबण वेगळा होता.
निळ्या चौकड्याच्या शर्टाचं बटण अजून तुटलेलंच.
सुई समोरच्या खणात होती.
खण मी उघडला नाही.
न्हाणीघरातल्या पेल्यात ओडेटनं
दुसरा ब्रश ठेवला होता, हिरवा, कोरा.

रविवारी घर बघायला माणसं येणार,
आम्ही बाहेर, रस्त्याकडेला, आपापल्या गाडीत.
डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार.
उताराखाली, पुलापाशी, लोहखनिजाचं जहाज
एक लांब, दोन आखूड भोंगे देत आत येत होतं.
वर आमच्या खोलीत दिवा लागला.
कोणी तरुण जोडपं. तिची सावली हात उंचावून
काहीतरी मापत होती, तो मागून वाकून बघत होता.
म्हणत असतील, किती नीटनेटकी माणसं,
त्याचे शर्ट डावीकडे, तिचे झगे उजवीकडे,
मधे बोटभर जागा.

माझा फोन उजळला:
"कपाट आवडलं त्यांना. आकडा उद्या."
मी मान वर केली.
दोन गाड्या पुढे, काचेआड,
त्याच मिनिटाला
वेन्डलचा चेहरा उजळलेला.